छपराखालची बाई

देवव्रत निफाडकर चीनला गेला तो आठवड्यासाठी आणि परतला तो चीनवरचा अधिकारी होऊन. आठवड्यात माणसाला परक्या गावचं पाणी मानवतंय की बाधतंय एवढंही धड कळत नाही. पण हे तुमच्याआमच्यासारख्यांचं झालं. देवव्रतची गोष्ट वेगळी. दोह्यातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत तो परचेसला होता. पाइपलाइनीला लागणारे व्हॉल्व्ह आणि गॅस्केटं मागवायची, उशीर झाला की सप्लायरवर ओरडायचं, वेळेत आली की श्रेय घ्यायचं, हे त्याचं काम. अशाच एका ऑर्डरचा माल तपासायला कंपनीनं त्याला वेन्झोऊच्या कारखान्यात धाडलं होतं. येताना त्यानं दोन वस्तू आणल्या. एक थर्मास, जो दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या घरी पोचेपर्यंत गळायला लागला. आणि एक अक्षर. हजारो अक्षरं असलेल्या देशातून हा पठ्ठ्या नेमकं एक अक्षर घेऊन आला आणि पुढची सगळी वर्षं त्याच्यावरच जेवला.

ते अक्षर असं: 安. म्हणायचं ‘आन’.

त्याचं झालं असं की कारखान्याच्या फाटकावर एक पाटी होती आणि तिच्यात हे अक्षर पहिलंच होतं. जेवायला जाता जाता तिथल्या दुभाषी पोरीनं, पाहुण्याशी काहीतरी बोलायला हवं म्हणून, सांगितलं की वरचं ते घराचं छप्पर, खाली बसलीय ती बाई, आणि छपराखाली बाई म्हणजे शांती. बिचारीनं आपलं तोंडदेखलं सांगितलं असेल. पण देवव्रतच्या म्हणे अंगावर काटा आला. त्यानं तिच्याकडून ते ब्रशनं कागदावर लिहून घेतलं, दोह्यात आणून त्याला सोनेरी फ्रेम केली आणि हॉलमध्ये सोफ्यासमोर अशी टांगली की पाहुण्याला दुसरीकडे बघायची सोयच राहू नये.

मग पाहुणा आला, पाणी पिऊन झालं की सुरू. "हे काय आहे, ओळखा पाहू?" पाहुणा भिडस्तपणे म्हणायचा, "ड्रॅगन?" ह्यावर देवव्रत असा हसायचा की पाहुण्याला आपण अंगठाबहाद्दर असल्यासारखं वाटावं. मग उठून, बोट लावून, छप्पर, बाई, शांती. "आपल्याकडे ‘गृहिणी गृहम् उच्यते’ म्हणतात ना? तेच ह्यांनी एका चित्रात सांगितलंय. एका चित्रात!" पाहुणा माना डोलवायचा. डोलवेल नाही तर काय करेल, आत बटाटेवडे तळले जात होते.

ते वडे तळणारी सुचित्रा. देवव्रतची बायको. ही हकिकत खरं तर तिची आहे, कारण ह्या माणसाला आतून-बाहेरून कुणी पाहिलं असेल तर तिनंच. नाशकात लग्न झालं तेव्हा तो चुंबकचिकित्सेतला जाणकार होता. घरभर चुंबकाचे पट्टे. सासऱ्यांचा गुडघा त्यानं बरा करायला घेतला आणि शेवटी तो डॉक्टरांनी बदलला. मग जपानी व्यवस्थापन आलं. त्यात स्वयंपाकघरातल्या डब्यांना रंगीत चिठ्ठ्या लागल्या आणि मीठ कुठल्या रंगात आहे हे कुणालाच कळेना. मग चीन. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणतात, पण ह्या गृहस्थाला हळकुंडाचा नुसता वास पुरायचा. शुक्रवारी द पर्लला, त्या श्रीमंती बंदरावर, फिरायला नेलं तर तिथल्या नौकांच्या किमती हा इतक्या आत्मविश्वासानं सांगायचा की वाटावं, सकाळीच दोन नाकारून आलाय. ऑफिसातल्या कतारी साहेबाला त्यानं एकदा अरबी कॉफी कशी करावी ते सांगितलं होतं. साहेब भला माणूस. ऐकून घेऊन "शुक्रन", म्हणजे आभारी आहे, म्हणाला. ते शुक्रन देवव्रत अजून सांगतो.

सुचित्रा ह्या सगळ्यात गप्प असे. गप्प म्हणजे दबलेली नव्हे हो. नाशकात असताना ती पाणी तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती, एम.एस्सी. केमिस्ट्री. नळाचं, विहिरीचं, टँकरचं, कुठलंही पाणी आणा, त्यात काय आहे आणि काय नाही ते ती सांगायची. नवऱ्याचं पाणी तर तिनं केव्हाच जोखलं होतं. दोह्याला आल्यावर मुलगी लहान म्हणून काही वर्षं गेली, मग सासूचं आजारपण म्हणून गेली, मग कशाला म्हणून गेली ते कुणालाच सांगता येईना. अंतरा आता दहावीत. ती आपली आपण खोलीचं दार लावून अभ्यास करते, आणि आईनं मराठीत काही विचारलं तर इंग्रजीत "आयम फाइन" म्हणते. घरात सुचित्राची गरज म्हणाल तर पोळ्यांपुरती आणि फ्रेम पुसण्यापुरती. दोह्याची धूळ तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते, ती बंद खिडकीतून येते. त्यामुळे दर दोन दिवसांनी सुचित्रा स्टुलावर चढून ते छप्पर आणि ती बाई फडक्यानं पुसायची. कुठली रेघ कुठे जाड आहे आणि कुठे दुभाषी पोरीचा हात घसरलाय हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

तर ह्या सुचित्राला डिसेंबरात नोकरी मिळाली. इंडस्ट्रियल एरियात पाणी तपासायची एक खासगी लॅब होती, तिथे केमिस्ट हवी होती. तिनं कुणाला न सांगता अर्ज केला, एका सकाळी टॅक्सी करून इंटरव्ह्यू दिला आणि दुपारच्या आत घरी येऊन भात लावला. निवड झाली. फक्त एक अट होती. तिचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, म्हणून नवऱ्याचं ना-हरकत पत्र पाहिजे. जानेवारी संपेपर्यंत जागा ठेवतो, म्हणाले. एक सही. बास.

देवव्रत नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. तो नाही म्हणत नव्हता. तो म्हणायचा, "बघू. इन्शाल्ला." इथली माणसं इन्शाल्ला म्हणतात तेव्हा त्यात देव असतो. देवव्रतच्या इन्शाल्लात नुसती टाळाटाळ. आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्यांदा तिनं कागद पुढे केला तेव्हा त्यानं चष्मा काढला, फ्रेमकडे हात केला आणि सुस्कारा टाकला.

"अगं, एवढी वर्षं तू रोज बघतेस ना ते? छपराखाली बाई म्हणजे शांती. बाई छपराबाहेर गेली की मग उरतं काय? नुसतं छप्पर!"

आणि हे आपल्याला काय सुंदर सुचलं म्हणून तो स्वतःवरच इतका खूश झाला की फोन उघडून त्यानं ते टिपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलंही. सुचित्रा कागद घेऊन आत गेली आणि तिनं तो कणकेच्या डब्यामागे ठेवला. ज्या अक्षराची धूळ आपण एवढी वर्षं काढली, तेच हा माणूस आपल्या डोक्यावर ठेवतोय, ह्याचा तिला असा संताप आला की त्या दिवशी आमटीत मीठ पडलंच नाही. देवव्रतनं ती आमटी दोनदा घेतली. त्याला चवीतलंही कळत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात एक गोष्ट झाली. सकाळी अंतराला स्कूलबसमध्ये बसवून सुचित्रा कंपाउंडच्या फाटकाशी उभी होती. समोरच्या बिल्डिंगमध्ये फांग नावाची एक चिनी बाई राहायची, चाळिशीची, आखूड केसांची. रोज त्या वेळी कंपनीची पिकअप तिला न्यायला यायची. तिच्या जॅकेटच्या पाठीवर दोन चिनी अक्षरं छापलेली होती. सुचित्रानं ते जॅकेट शंभरदा पाहिलं असेल, पण त्या दिवशी फांग बुटाची नाडी बांधायला वाकली, पाठ ताणली गेली आणि पहिलं अक्षर सुचित्राच्या डोळ्यांपुढे आलं. छप्पर. खाली बाई. तीच की!

गंमत बघा. देवव्रत रोज ह्याच फाटकातून, ह्याच वेळी, ह्याच बाईला "गुड मॉर्निंग" म्हणून गाडी काढायचा. त्याचं जगातलं एकमेव चिनी अक्षर त्याच्या काचेसमोरून पिकअपमध्ये चढायचं आणि ह्या पंडिताला पत्ता नाही. सोनेरी फ्रेम नव्हती ना त्याला.

सुचित्रानं सोप्या इंग्रजीत विचारलं, फांगनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिची कंपनी इमारतींमध्ये लिफ्ट बसवते. जॅकेटवर लिहिलंय ते ‘बसवणं’. हे अक्षर म्हणजे एखादी गोष्ट जागच्या जागी नीट, पक्की बसवणं. पण ते शांतही आहे, सुरक्षितही आहे. चीनमध्ये पोलिसांच्या गाडीवर असतं. शहरांच्या नावांत असतं, माणसांच्या आडनावात असतं. आणि फार जुन्या पुस्तकांत तेच अक्षर प्रश्न विचारायला वापरलंय, ‘कुठे?’ किंवा ‘कसं शक्य आहे?’ अशा अर्थानं.

"आणि छपराखाली बाई?" सुचित्रानं विचारलं.

"आहे ना," फांग हसली. "जुन्या काळी हाडांवर कोरलेलं सापडतं, त्यात ती गुडघे मोडून बसलीय, हात पुढे घेऊन. आम्हाला शाळेत सांगितलं, बाई घरात आली की घर शांत. माझी आजी म्हणायची, दिवसभर राबून बाईला एकदाची बसायला मिळाली म्हणून शांत. प्रोफेसर लोक आणखी काही काही सांगतात. ज्यानं कोरलं त्याला कुणी विचारलं नाही." तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला, "यल्ला, मॅडम!" आणि फांग टुणकन पिकअपमध्ये चढली.

सुचित्रानं हे घरी सांगितलं का? मुळीच नाही. सांगितलं असतं तर देवव्रतनं संध्याकाळच्या आत ते आपल्या नावावर केलं असतं. तिनं ते पदरात बांधून ठेवलं.

संक्रांत आली. दोह्यातली मराठी मंडळी सणांच्या बाबतीत गावाकडच्यांपेक्षा कडक. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, तिळगूळ आणि शुक्रवार पकडून घरोघर हळदीकुंकू. ह्यात वाणाची फार चढाओढ असते. एकीनं काचेच्या वाट्या लुटल्या की दुसरी स्टीलचे डबे आणते. आजवर वाण सुचित्रा आणायची. ह्या वर्षी देवव्रत म्हणाला, "वाणाचं मी बघतो." वाण! बायकांचं हळदीकुंकू आणि वाण परचेस डिपार्टमेंटकडून! त्यानं थेट वेन्झोऊच्या व्हॉल्व्हवाल्याला मेसेज केला: झाकणाच्या छोट्या गोल डब्या पाठव आणि त्यांवर तुमच्या फाटकावरचं ते अक्षर छाप. सोबत त्या वेळी काढलेला फाटकाचा फोटो.

डब्या आल्या. लाल, चकचकीत, हळद-कुंकवाला अगदी बेताच्या. झाकणावर एक सोडून चार अक्षरं होती. पहिलं आपलं ओळखीचं, पुढची तीन अनोळखी. देवव्रत क्षणभर गोंधळला. पण क्षणभरच. "अरे वा," तो म्हणाला, "त्यानं तर पूर्ण श्लोकच दिलाय."

"म्हणजे काय लिहिलंय?" सुचित्रानं विचारलं.

"सांगीन हळदीकुंकवाला," तो म्हणाला. म्हणजे अजून रचायचं होतं.

सुचित्रानं एक डबी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. मग खाली उतरली आणि फांगच्या दारी जाऊन हळदीकुंकवाचं बोलावणं देऊन आली. फांगनं काय नेसायचं विचारलं, सुचित्रा म्हणाली काहीही, फक्त काळं असेल तर उत्तम.

शुक्रवारी हॉल बायकांनी भरला. मदिनत खलीफाहून चैत्राली आली होती. चैत्राली म्हणजे देवव्रतचा बॉस कौशिक, त्याची बायको. हसरी, तोंडाची फटकळ, मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन. तिच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पार लांबच्या अल खोर गावाला पोचते. फांग काळ्या पँट-शर्टात एका कोपऱ्यात बसली होती आणि कपाळावरचं कुंकू पुसलं जाऊ नये म्हणून मान ताठ धरून तिळाचा लाडू खात होती. बाकीच्यांचे नवरे रीतीप्रमाणे मुलांना घेऊन मॉलमध्ये गेले होते. देवव्रत नव्हता गेला. झब्बा घालून, अत्तर लावून तो फ्रेमखाली उभा होता. "फक्त पाच मिनिटं घेतो हं, भगिनींनो."

आत दाराशी अंतरा पुटपुटली, "ओ गॉड. नॉट अगेन."

झालं सुरू. छप्पर, बाई, शांती. गृहिणी गृहम् उच्यते. काही बायकांनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांनी बांगड्यांचे विषय काढले. मग त्यानं डबी उचलली. "आणि ह्या वाणावर, खास तुमच्यासाठी, चिनी ऋषींचं पूर्ण वचन आहे. बाई घरात राहिली की घर राहतं, घर राहिलं की कुळ राहतं, असा त्याचा भावार्थ. आमच्या सुचित्रालाही मी हेच सांगत असतो. सध्या तिच्या डोक्यात नोकरीचं खूळ आहे. पण हजारो वर्षांचं शहाणपण एका अक्षरात असताना…" आणि तो मंद हसला, जणू मुलाच्या हट्टाबद्दल बोलतोय.

नोकरीचं कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांचे डोळे सुचित्राकडे वळले. हातात हळदीकुंकवाचं तबक घेऊन ती उभी होती आणि तिचे कान तापले होते. खूळ! चारचौघींत, आपल्याच घरात, आपल्याच सणाला. तिला वाटलं, तबक ह्याच्या झब्ब्यावर उपडं करावं. तेवढ्यात देवव्रतची नजर फांगवर पडली, आणि अंगात आलेल्या माणसाला वाटतं तसं त्याला वाटलं की साक्षात चीन आपली ग्वाही द्यायला आलाय. "वी आर सो लकी! मिस फांग, प्लीज, यू रीड इट."

फांगनं डबी घेतली. वाचली. उलटी करून तळ पाहिला. परत वाचली.

"हे आमच्या साइटवर असतं," ती सरळपणे म्हणाली. "फाटकावर. ‘सेफ्टी फर्स्ट.’ हेल्मेट घाला, बूट घाला, ते."

चैत्रालीनं आधी तोंडावर रुमाल धरला. मग रुमालाला आवरेना. "अगं बाई! म्हणजे कुंकू लावायच्या आधी हेल्मेट घालायचं का ग?" आणि मग जो हशा उसळला! एकीला ठसका लागला, दुसरी सोफ्यावर कलंडली. देवव्रतनं हात वर केले, "नाही नाही, पण पहिलं अक्षर तर तेच आहे ना? मिस फांग, टेल देम. रूफ. वुमन. येस?"

"येस," फांग म्हणाली. "रूफ. वुमन." आणि विचारलंच आहे म्हणून तिनं ‘बसवणं’, पोलिसांची गाडी, जुन्या पुस्तकातलं ‘कुठे’ हेही सगळं सांगितलं.

"पाहिलंत?" देवव्रतला पुन्हा पालवी फुटली. "छप्पर आणि बाई! मी म्हटलं नव्हतं?"

"मला एक विचारायचंय," सुचित्रा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण ती बाई बोलत नसे, त्यामुळे बोलली की लोक ऐकत. तिनं तबक टेबलावर ठेवलं, स्टूल ओढलं आणि रोज धूळ पुसायला चढायची तशी चढून फ्रेमवर बोट ठेवलं.

"हे छप्पर. ही बाई. आणि इथे शांती आहे. बरोबर?"

"करेक्ट!" देवव्रत म्हणाला.

"मग अहो, ह्यात नवरा कुठंय?"

देवव्रतनं फ्रेमकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच ते अक्षर नीट पाहिलं असेल. फांगला कुणीतरी प्रश्न समजावला. तीही उठून जवळ आली, डोळे बारीक करून तिनं छपराखाली इकडेतिकडे बघितलं आणि प्रामाणिकपणे मान हलवली.

"नो हजबंड," ती म्हणाली.

त्यानंतरचं काय सांगू? शेजारच्या ताहेरुन्निसाबी, ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही, त्यासुद्धा पदर तोंडात कोंबून हसत होत्या. देवव्रत "एक फोन आलाय" म्हणून बेडरूममध्ये गेला. फोन हॉलमधल्या टेबलावरच होता.

पाहुण्या निघण्याआधीच चैत्रालीनं डबीचा फोटो ग्रुपवर टाकला होता. खाली ओळ: ‘चित्रातला नवरा शोधा. सापडल्यास निफाडकरांना कळवा.’ रात्रीपर्यंत मंडळात दुसरा विषय नव्हता. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिस उघडलं, तर मीटिंगमध्ये कौशिकनं सगळ्यांसमोर विचारलं, "काय देवव्रत, सापडलास का?" कतारी साहेबानं काय भानगड म्हणून विचारलं, त्याला इंग्रजीत सांगितलं, तोही हसला. हे मात्र देवव्रतला लागलं. घरी येऊन तो फुगूनच जेवायला बसला. सुचित्रानं कागद पुन्हा पुढे केला. महिना संपायला तीन-चार दिवस उरले होते. त्यानं ताट सरकवलं आणि म्हणाला, "एवढी बदनामी करून वर सही मागतेस? लाज वाटते का काही?"

"वाटते ना," ती म्हणाली. "फार वर्षं वाटतेय." आणि ताट नि कागद उचलून आत गेली. सिंकपाशी उभी राहून ती रडली, नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. जागा जाणार हे तिला कळून चुकलं होतं. हसू मिळालं, टाळी मिळाली, आणि सही गेली. असं का बोललो आपण, गप्प राहिलो असतो तर कदाचित फेब्रुवारीपर्यंत इन्शाल्लाचं काहीतरी झालं असतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पण तिनं एक हिशेबात धरलं नव्हतं. हा माणूस बायकोवाचून राहील, पोळ्यांवाचूनही राहील, पण कुणी हसलं तर त्याला जगता येत नाही.

मंगळवारी सकाळी चैत्रालीचा फोन आला. "अभिनंदन ग! ग्रुप बघितला नाहीस?" सुचित्रानं ग्रुप उघडला. देवव्रतचा फोटो. ऑफिसातल्या टेबलाशी बसून, पेन कागदावर टेकवून, चेहरा कॅमेऱ्याकडे. खाली: ‘आज माझ्या पत्नीच्या नोकरीच्या संमतीपत्रावर स्वाक्षरी केली. स्त्रीला पंख देणं हीच खरी शांती. चिनी भाषेत 安 ह्या अक्षराचा अर्थ ‘योग्य जागी बसवणं’ असाही आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे.’ खाली त्रेपन्न अंगठे आणि दोन नमस्कार. कौशिकनं लिहिलं होतं, ‘सापडला!’

म्हणजे कणकेच्या डब्यामागचा कागद त्यानं सकाळी उचलून नेला होता. तिला न सांगता. सही तिच्यासाठी केलीच नव्हती, ती ग्रुपसाठी केली होती, आणि तिला बातमी बाहेरून कळत होती. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. किळस आली. जे मागून मागून तोंड वाळलं, ते ह्यानं आपलं नाक झाकायला फडक्यासारखं वापरलं. पण कागद तो कागद. संध्याकाळी त्यानं तो मोठ्या मनानं पुढे केला आणि काहीतरी ऐकायला उभा राहिला.

"शुक्रन," सुचित्रा म्हणाली आणि कागद पर्समध्ये टाकला.

आता देवव्रत पाहुण्यांना नवी गोष्ट सांगतो. छप्पर, बाई, आणि बसवणं. "मीच तिला नोकरीत बसवलं. लोक म्हणतात बाईनं घरात राहावं. मी म्हटलं, छे, अक्षराचा खरा अर्थ समजून घ्या." चिनी शेजारणीशी केलेल्या सखोल चर्चेचाही त्यात उल्लेख असतो. वडे आता बाहेरून येतात. पाहुणे तरीही माना डोलवतात. फ्रेमवर धूळ साचलीय, पण ती काढावी हे त्याला अजून सुचलेलं नाही.

आणि सुचित्रा? पहिल्या दिवशी ती वेळेआधीच पोचली. इंडस्ट्रियल एरियातली लॅब म्हणजे काही राजवाडा नव्हे. वर पत्र्याचं छप्पर, खाली पांढरं टेबल, बाजूला एसीची घरघर. तिचा पांढरा कोट एक माप मोठा होता. टेबलावर नमुन्याच्या बाटल्या रांगेनं ठेवलेल्या, कुठल्या टाकीचं पाणी, कुठल्या शाळेचं, कुठल्या लेबर कॅम्पचं. बाकीची माणसं अजून यायची होती. तिनं स्टूल ओढलं आणि बसली. कुणी काही समजावून सांगत नव्हतं. कुणी ओळखा पाहू म्हणत नव्हतं. किती वर्षांनी असं झालं ते तिला आठवेना. हात मांडीवर घेऊन ती तशीच थोडा वेळ बसून राहिली आणि तिला आतपर्यंत शांत वाटलं.

मग एकदम तिच्या ध्यानात आलं. वर छप्पर. खाली बाई. आणि शांती.

म्हणजे त्या गाढवाचं अक्षर खरंच होतं! ह्याचा तिला असा राग आला की हसूच फुटलं. हे त्याला मरेपर्यंत कळू द्यायचं नाही, असं तिनं तिथल्या तिथे ठरवलं, कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि पहिल्या बाटलीचं झाकण उघडलं.